आठ पॉइंट दोन

धानोऱ्याच्या भिलाआप्पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि तरी समुद्राचं पाणी किती खारट असावं यावरून ते गावात कुणाशीही भांडायला तयार असत. हजारात पस्तीस. छत्तीस झालं की गोडं पाणी घाला, चौतीस झालं की मीठ. चहाच्या टपरीवर कुणीतरी मुद्दाम खोडी काढायचा, "आप्पा, समुद्र इतला मोठा, त्याले एक-दोनना फरकनं काय व्हस?" आप्पा चष्मा काढायचे, त्या माणसाला खालून वर बघायचे आणि म्हणायचे, "तुन्हा समुद्रले काही नही व्हस. मन्हा समुद्र तीनशे लिटरना शे."

आणि खरंच होता हो. पुढच्या खोलीत, जिथं पूर्वी ज्वारीची कोठी होती तिथं, काचेच्या टाकीत, निळ्या दिव्याखाली. नंदुरबारपासून समुद्र कुठं न् काय, पण भिला पाटलाच्या घरात तो चोवीस तास खळखळत होता. गावातल्या अर्ध्या लोकांना वाटे म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. उरलेल्या अर्ध्यांना तशी खात्रीच होती.

पण आप्पा असे का, हे कळायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. एकतीस वर्षं ते पाटबंधारे खात्यात होते. काम एवढंच, की रोज सकाळी आठला एका धरणाच्या भिंतीवर जायचं, पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. बस्स. एवढ्या कामासाठी कोण रोज सायकल मारत जातो? बाकीचे लोक अंथरुणातूनच आकडा ठोकून देत. काल बावीस होतं, आज पाऊस नाही, लिहा एकवीस नव्वद. आप्पा मात्र स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं भिंतीवर गेले आणि आकडा वाचून परत आले. वऱ्हाड मांडवात ताटकळत बसलं होतं. त्या दिवसाच्या पानाला हळदीचा डाग पडला, आणि साहेबानं तो बघून नवरदेवाला वही खराब केल्याबद्दल मेमो दिला. घरबसल्या लिहिणाऱ्यांची वही स्वच्छ होती, त्यांना कुणी काही बोललं नाही. पगारही दोघांना सारखाच, हे दगूबाईनं, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, त्यांना एकतीस वर्षं न कंटाळता ऐकवलं.

अशा माणसाला आकडे सोडून दुसरं काही बोलता येत नाही. मुलगा झाला, योगेंद्र, तेव्हा बायकोनं विचारलं, पोरगं कुणासारखं दिसतंय? आप्पा म्हणाले, "दोन किलो सातशे." तोच मुलगा दहावीला ब्याऐंशी टक्के घेऊन पेढे वाटत आला, तर म्हणाले, "गणितमा तीन मार्क कोठे गये?" प्रेम नव्हतं असं नाही. पोराच्या तापात हा बाप दर तासाला थर्मामीटर लावायचा आणि कागदावर टिपून ठेवायचा, तो कागद अजून ट्रंकेत आहे. पण कपाळावर हात ठेवायचं काम दगूबाईचं. आप्पांना वाटायचं की थर्मामीटर असताना हात कशाला.

पोरगा शिकला, पुण्याला कंपनीत लागला. दर ऐतवारी आईला फोन करायचा. शेवटी विचारायचा, आप्पा कसे आहेत? दगूबाई सांगायची, "शेत ना, इठेच बठेल शेत." आप्पा तिथंच बसलेले असायचे, पेपरमागे. झाला संवाद. आपण होऊन पोराला फोन करणं आप्पांच्या शिस्तीत बसत नव्हतं. फोन पोरानं करायचा असतो, बापानं असायचं असतं.

मग कोरोना आला आणि योगेंद्र लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला. पंधरा दिवसांसाठी आला तो दीड वर्ष राहिला. दिवसभर खोली बंद करून काम, आणि काम संपलं की काय करायचं? गावात बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं. कंटाळून कंटाळून त्यानं कोठी हलवली आणि तिच्या जागी ही टाकी मांडली. कुरिअरनं खोकी येऊ लागली. मीठ आलं, दिवे आले, पंप आले आणि शेवटी बर्फाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. दगूबाई हौसेनं बघायला गेली. पिशवीत बोटाएवढ्या काटक्या.

"मासा कोठे शेतस?" तिनं विचारलं.

"दोन शेत, मागून येतीन. हाई प्रवाळ शे, माय. दगडना मायक दिसस, पन जित्तं शे. हाई देख, बारीक बारीक तोंड."

दगूबाईनं नाक काचेला लावलं. काटकीवर तिळाएवढी हजार फुलं, प्रत्येक फुलाला केसाएवढे हात. एक जांभळी फांदी, एक हिरवी, एक गुलाबी झुडुपासारखी. ती आप्पांकडे वळून म्हणाली, "घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं! ढोरं इकी टाकी, आते दगडले चारा घाला." आणि कागदपत्रं तर अशी, की विचारू नका. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडायला कायद्याची मनाई, म्हणून ही परदेशात शेतीत वाढवलेली, प्रत्येकीचं प्रमाणपत्र, आयातीचा कागद, सगळं फाइलला लावलेलं. आप्पांनी फाइल चाळली आणि म्हणाले की आपल्या सातबाऱ्यापेक्षा ह्या काटकीचा कागद स्वच्छ आहे.

आप्पा आठ दिवस त्या टाकीकडे पाठ करून बसले. नवव्या दिवशी योगेंद्रनं त्यांच्यासमोरच पाणी तपासायला घेतलं. बाटलीत निळं पाणी, वरून खुणांच्या पिचकारीतून एक एक थेंब. सात, आठ, नऊ. पुढच्या थेंबाला निळं पाणी टपकन पिवळं झालं. आप्पांनी पेपर खाली ठेवला.

"कितलं उनं?"

"आठ पॉइंट दोन. अल्कलिनिटी म्हणतात. पाण्याची ताकद समजा. ही आठच्या आसपास स्थिर पाहिजे. एका दिवसात एक पॉइंट वर किंवा खाली झाली तरी फांद्या मरतात."

एकतीस वर्षं ज्या माणसाच्या आकड्यावर कुणाचं काही अडलं नव्हतं, त्याला प्रथमच असं काही भेटलं, की आकडा चुकला तर जीव जातो. त्यात आणखी एक गंमत झाली. ह्या काटक्यांना हाडं वाढवायला चुन्याची निवळी लागते, रोज थोडी थोडी. आप्पा तंबाखू मळता मळता थांबले. "हाई बी चुना खास?" म्हणाले, आणि डबीकडे आणि टाकीकडे आळीपाळीनं बघू लागले. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. योगेंद्रनं मात्र डबीतला चुना घालायचा नाही म्हणून तीनदा बजावलं, वेगळी पुडी मागवून दिली, आणि आप्पांना त्याचा थोडा रागच आला.

बावीस साली कंपनीनं पोराला परत पुण्याला बोलावलं. टाकी नेणार कशी? तीनशे लिटर खारं पाणी एसटीत घालून? "तीन महिने सांभाळा आप्पा, मग काहीतरी करतो," असं म्हणून गेला. भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवून गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला. आईचा नाही, आप्पांचा.

"आप्पा, अल्क?"

"आठ पॉइंट एक."

"कॅल्शियम?"

"चारशे वीस."

"टेम्परेचर?"

"सव्वीस पॉइंट दोन."

"छान. ठेवतो."

दीड मिनिट. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग रोजच. आणि हे सगळं बरं का शुद्ध मराठीत. घरात अहिराणीशिवाय अक्षर न बोलणारे हे बापलेक प्रवाळाचं बोलताना हापिसात बसल्यासारखे बोलायचे, कारण अल्कलिनिटीला अहिराणीत शब्द नाही. आकडे सांगून झाले की आप्पा झटकन फोन दगूबाईकडे द्यायचे, तोवर तो बहुधा बंदच झालेला असायचा.

दगूबाईला हे सोसेना. "नऊ महिना मी वागाडं, न् मले ऐतवारे फोन. त्या काटकीले रोज!" आप्पा टाकीची काच पुसू लागले. पण मनातून त्यांनाही तेच कळलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूनं. तीस-पस्तीस वर्षांत पोरगा बापाशी रोज बोलतो आहे तो पहिल्यांदा, आणि तो बोलतो आहे ह्या जांभळ्या काटकीमुळे. जोवर जांभळी आहे तोवर साडेआठचा फोन आहे. जांभळी गेली की पुन्हा ऐतवार आणि पेपर. हा हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण त्या दिवसापासून ते टाकीला डोळ्यांत तेल घालून जपू लागले.

आता खानदेशातला उन्हाळा. बाहेर चव्वेचाळीस, आणि जांभळीला सव्वीसच पाहिजे. योगेंद्रनं पुण्याहून एसी पाठवला. ज्या घरात म्हातारीला घामोळ्यांनी झोप नाही म्हणून कूलर मागितला, तर "उन्हाळा दोन महिनाना ऱ्हास" असं उत्तर मिळालं होतं, त्या घरात काटकीसाठी एसी लागला. गावाला बातमी कळायला कितीसा वेळ? दुपारी बारा वाजले की धानोऱ्यात प्रवाळाबद्दल विलक्षण कुतूहल निर्माण व्हायचं. "आप्पा, जांभळी कशी शे?" म्हणत एक एक जण आत यायचा, टाकीसमोर मांडी ठोकायचा आणि चार वाजेपर्यंत डोळे मिटून निरीक्षण करायचा. दगूबाईही दुपारचे तांदूळ निवडायला तिथंच येऊन बसू लागली. काटकीला शिव्या देणं तिनं बंद केलं नाही, पण आवाज खाली आणला.

तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. जांभळी बोटाची वीतभर झाली, तिला नऊ फांद्या फुटल्या. टोकं पांढरट निळी, म्हणजे वाढ चालू. आप्पा दिवसातून दोनदा पाणी तपासायचे. स्वतःचं ब्लडप्रेशर त्यांनी निवृत्तीनंतर एकदाही तपासलं नव्हतं.

आणि मग श्रावणात, दोन हजार चोवीस साली, कानबाई आली.

कानबाई म्हणजे खानदेशात भाऊबंदकीची, म्हणजे साऱ्या कुळाची, आई. नागपंचमीनंतरच्या ऐतवारी नारळाला दागिने घालून, नथ घालून तिला चौरंगावर बसवतात, सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोट खातात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. त्या वर्षी मान आप्पांच्या घराचा होता. गावोगावची अकरा घरं जमली. बायकांना कानबाई दरवर्षीचीच, टाकी मात्र नवी. निळ्या उजेडात चमकणारी जांभळी बघून सगळ्यांच्या तोंडाचा आ झाला. आप्पांच्या धाकट्या चुलत भावाची बायको रुपा, तोंडानं मोठी धीट, ती पदर सावरत म्हणाली, "आप्पा, कानबाईले नदीवर नारळ. आन घरमा साक्षात समुद्र बठेल शे, त्याले काहीच नही? हाई काही बरं नही हं."

बायकांनी माना डोलावल्या. खरंच की. समुद्र घरी येऊन तीन-चार वर्षं झाली आणि त्याची ओटी कुणी भरली नाही! हळद-कुंकू आप्पांनी पाण्यात पडू दिलं नाही, काचेवर बाहेरून लावा म्हणाले. पण नारळाचं पाणी? ते तर पाणीच. ना रंग, ना काही. त्यातून भाऊबंदकीच्या बायकांना कानबाईच्या दिवशी नाही म्हणणं म्हणजे वर्षभराचं बोलणं विकत घेणं. आप्पांनी हात वर केला. "थांबा. पहिले मोजू."

आणि मोजलं हो. रुपाचा नारळ फोडला, पाणी टाकीत ओतलं. अर्धा तास थांबून तपासलं. आठ पॉइंट दोन. कॅल्शियम चारशे वीस. खारटपणा पस्तीस. एक कण फरक नाही. आप्पांनी चष्मा वर केला आणि जाहीर केलं, "चालस."

दुसरा कुणी असता तर भीतीनं नको म्हणाला असता आणि भीतीनंच वाचला असता. आप्पा घाबरत नव्हते, ते मोजत होते. आता रुपाचा नारळ समुद्राला चालला म्हटल्यावर बाकीच्या दहा घरांनी काय घोडं मारलं? मोठ्या घरच्या बाईनं तर दोन फोडले. बारा नारळांचं गोड पाणी जांभळीच्या समुद्रात गेलं. ओवाळणी झाली. सगळे जेवायला गेल्यावर आप्पांनी पुन्हा तपासलं आणि वहीत लिहिलं, आठ पॉइंट दोन. नोंद अगदी खरी आहे. वही आजही बघायला मिळेल.

सकाळी टाकीत दूध ओतल्यासारखं झालं होतं. दोन्ही मासे वर पोट करून तरंगत होते, हिरवी आणि गुलाबी पांढऱ्या पडल्या होत्या. आणि जांभळीच्या अंगावरून कातडी साल सुटावी तशी सुटत होती. खाली पांढरंशुभ्र हाड. आप्पा बघत असतानाच तिसरी फांदी पांढरी झाली. त्यांनी थेंब टाकले. आठ पॉइंट एक. चारशे वीस. पस्तीस. सगळे आकडे जागच्या जागी, आणि समोर जीव जात होता. "आरे, मंग मरी का ऱ्हायनं?" ते ओरडले. दगूबाई धावत आली. तिनं आकडे नाही बघितले, ती फक्त म्हणाली, "माय वो, तिले दम लागी ऱ्हायना."

अगदी तसंच झालं होतं. नारळाच्या साखरेवर पाण्यातले जंतू माजले आणि त्यांनी पाण्यातली सगळी हवा ओढून घेतली. भिंतीवरच्या सूचनांच्या कागदात नवव्या ओळीला लिहिलेलं होतं, गोड काही पडू देऊ नये. आप्पांना वाटलं होतं ते मुंग्यांमुळे लिहिलंय. हवा मोजायचं काही पोरानं दिलं नव्हतं, आणि जे मोजायला काही नाही ते कमी पडू शकतं, हे आप्पांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

बाहेर डफ वाजत होता, कानबाई निघायची वेळ. साडेआठ वाजले आणि फोन वाजला.

"आप्पा, अल्क?"

सांगायचंच ठरवलं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर तो दीड मिनिटाचा फोन दिसला, शेवटचा. जीभ आपोआप वळली.

"आठ पॉइंट दोन."

कालची नोंद होती, म्हणजे तशी खोटी नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी समजवायला तेही उरलं नाही. ज्यानं हळदीच्या अंगानं भिंतीवर जाऊन आकडा वाचला, तो भिला पाटील सत्तरीला टेकल्यावर खुर्चीत बसून आकडे ठोकू लागला. दगूबाई ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. "एकतीस वर्ष घर बठीसन लिखतात तर मन्हा संसारले तरी कामे येतात," ती म्हणाली. आप्पांना हे फार लागलं.

गावाला मात्र पांढऱ्या हाडांची टाकी आता जास्त आवडू लागली. "आप्पा, आते कसं धवयं धवयं झाक दिसस!" म्हणायचे. जांभळी असताना ज्यांनी कधी फोटो काढला नाही, ते सांगाड्यासोबत फोटो काढून घेऊ लागले.

आणि दैव बघा कसं असतं. ज्या श्रावणात जांभळी गेली, त्या श्रावणापासून योगेंद्रचा फोन लांबू लागला. दीड मिनिटाचं पाच झालं, पाचाचं दहा. मॅग्नेशियम किती, पंपाचा आवाज येतो का, टोकं निळी आहेत का, तोंडं उघडली आहेत का. पूर्वी घाईत असायचा, आता घाईच नसायची. आप्पांना आनंदही व्हायचा आणि घामही फुटायचा. आणि ते सांगायचे. सकाळी उजेड पडला की तिची तोंडं कशी उघडतात, दुपारी रंग कसा चढतो, नवी फांदी कोणत्या बाजूनं फुटतेय. जिवंत माणसांबद्दल ज्यांनी उभ्या आयुष्यात दोन वाक्यं सलग बोलली नाहीत, ते मेलेल्या जांभळीबद्दल दहा दहा मिनिटं बोलू लागले. पोरगा ऐकत राहायचा.

दिवाळीला आला नाही. कामाचा लोड आहे म्हणाला. दगूबाई रडली, पण आप्पांचा जीव भांड्यात पडला. कसा बाप म्हणावा! पोरगा सणाला आला नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा बाप धानोऱ्यात तेवढा एकच निघाला.

किती दिवस चालणार? दिवाळीनंतर एका सकाळी योगेंद्र म्हणाला, "आप्पा, सुरतचा नवनीतभाई माहिती आहे ना, माझा प्रवाळवाला मित्र. तो रविवारी नंदुरबारला लग्नाला येतोय. त्याला जांभळीची एक फांदी तोडून द्या. तिथं लावली की तिथंही वाढेल."

आप्पांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शनिवारी साडेआठच्या फोनला त्यांनी अल्कची वाट बघितली नाही.

"जांभळी नही ऱ्हायनी रे."

"काय?"

"मरी गयी. कानबाईले. मन्हामुळे." आणि मग पोरानं विचारायच्या आत तेच म्हणाले, "ते आकडा सगळा खोटा. घर बठीसन सांगात मी."

आप्पांना वाटलं पोरगा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. योगेंद्र म्हणाला, "ठीक आहे आप्पा. असू द्या." आणि फोन बंद झाला.

ऐतवारी फोन आला नाही. आईलासुद्धा नाही. सोमवार कोरडा गेला, मंगळवार कोरडा गेला. साडेआठला आप्पा फोन मांडीवर घेऊन बसत आणि नऊला उठून उगाच पंप पुसत. ज्याची भीती होती ते झालं होतं, आणि वर खोटेपणाचा शिक्का बसला होता. बुधवारी दगूबाई भाकरी थापता थापता आतून ओरडली, "त्यानी नही कया तर तुम्हीन करा! बोटले मेहंदी लायेल शे का?"

तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी आपण होऊन पोराचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आप्पा? काय झालं? आईला काय झालं?"

घ्या! बापाचा फोन आला म्हणजे घरात कुणीतरी मेलंच असणार, एवढी ह्या फोनची पत. आप्पा म्हणाले, "काही नही व्हयनं. तुन्ही माय भाकरी करी ऱ्हायनी."

अल्क नाही, कॅल्शियम नाही, विचारायचं काय?

"कसं शे तुन्हं?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे."

"तब्येत?"

"बरी आहे."

"काम?"

"बरं आहे."

आप्पा थांबले. तीन प्रश्न, आणि उत्तर तिन्हींना एक. सरळ रेघ. धरणावरची त्यांची एकतीस वर्षं आत कुठेतरी जागी झाली. खरं पाणी असं कधीच नसतं. कालच्यापेक्षा आज दोन बोटं वर, दोन बोटं खाली, काहीतरी हलतंच. ज्याचा आकडा अजिबात हलत नाही, तो भिंतीवर गेलेलाच नसतो. आणि आवाज तर त्यांच्या फारच ओळखीचा होता. तीन महिने ते स्वतः ह्याच आवाजात आठ पॉइंट दोन म्हणत आले होते.

"योगू," आप्पा म्हणाले, "हाई मोजीसन सांगी ऱ्हायना का घर बठीसन?"

पोराची हापिसातली मराठी एकदम गळून पडली.

"आप्पा, काम सुटी गयं मन्हं. श्रावणमाच. पयले कोनलेच नही सांगं. मी बी घरच बठेल शे."

श्रावण. आप्पा गणित करू लागले आणि मध्येच थांबले. म्हणजे रोज सकाळी साडेआठला धानोऱ्यात एक जण मेलेली जांभळी जिवंत असल्याचे आकडे सांगत होता, आणि पुण्याच्या खोलीत एक जण नोकरी असल्यासारखा ते ऐकत होता. दोघांनी एकमेकांना छान म्हटलं होतं. रोज.

राग आला. "गाढवा, बापले सांगता नही उनं?"

"तुम्हीन कधी इचारं?"

त्यात तक्रार नव्हती, हेच वाईट. तो नुसतं सांगत होता. आप्पांनी आठवून बघितलं. दोन वर्षं आणि वर काही महिने, रोज बोलले. पाण्याचा ताप रोज सांगितला.

"आते इचारस," आप्पा म्हणाले. "जेवना का?"

पलीकडून आलं ते हुंदक्यासारखं काहीतरी, दाबलेलं, मग न दाबलेलं. हे मोजायला आप्पांकडे काहीच नव्हतं. दगूबाई पिठाच्या हातानं दारात आली आणि सवयीनं फोनसाठी हात पुढे केला. एरवी त्यांनी केव्हाच तो तिच्याकडे देऊन टाकला असता. आप्पांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पोराचं रडणं ऐकत फोन तसाच कानाला धरून बसून राहिले.